हौशी खेळाडूचा डाव

घराच्या ओसरीवर रंगणारा बुद्धिबळाचा डाव आणि स्पर्धेतील डाव यांत पट तोच, मोहरीही तीच; खेळणाऱ्यावरील जबाबदारी मात्र निराळी. ओसरीवर चाल परत घेता येते, बघ्यांचा सल्लाही चालतो. स्पर्धेत हात लावलेले मोहरे खेळावेच लागते, घड्याळ कोणासाठी थांबत नाही आणि प्रत्येक चाल स्वतः लिहून ठेवावी लागते. फासे नसल्याने दैवाला बोल लावण्याचीही सोय नाही. दिवसभराची नोकरी उरकून पटावर बसलेल्या हौशी खेळाडूला या नियमांतून सूट मिळत नाही, आणि त्यातच त्याचा खरा सन्मान आहे.

‘हौशी’ हा शब्द आपल्याकडे काहीशा उपेक्षेने उच्चारला जातो. वस्तुतः त्याने माणसाची उपजीविका कळते. त्याची योग्यता कळत नाही. हॉलंडचे डॉ. मॅक्स यूवे अॅमस्टरडॅममधील मुलींच्या शाळेत गणित शिकवीत. 1928 मध्ये हेग येथे झालेली हौशी खेळाडूंची जागतिक स्पर्धा त्यांनी जिंकली. पुढे 1935 मध्ये जगज्जेत्या अलेखाइनशी त्यांचा तीस डावांचा सामना झाला. समुद्रकाठच्या झांडफोर्ट गावी झालेल्या सव्विसाव्या डावात यूवे यांनी एक मोहरे देऊन तीन प्यादी मिळविली, आणि त्या प्याद्यांच्या मुसंडीपुढे अलेखाइनचा बचाव कोसळला. अखेर साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा गुणांनी हा शिक्षक जगज्जेता ठरला. 1937 मध्ये अलेखाइनने जगज्जेतेपद परत मिळविले. यूवे यांचे अध्यापन मात्र सुटले नाही.

प्रत्येक हौशी खेळाडू यूवे होणार नाही, हे उघड आहे. परंतु स्पर्धेतील एका डावाचे मोल तेवढ्यावर ठरत नाही. कचेरीतील चूक वरिष्ठांवर किंवा हाताखालच्यांवर ढकलता येते. परीक्षेतील अपयशाचे खापर प्रश्नपत्रिकेवर फोडता येते. डावाची नोंद मात्र चूक नेमकी कितव्या चालीला झाली ते सांगते, आणि तीही आपल्याच हस्ताक्षरात. हरल्यावर प्रतिस्पर्ध्याशी हस्तांदोलन करून, त्याच्याच शेजारी बसून ती चूक शोधण्याची रीत या खेळाने जपली आहे. जबाबदारी झटकण्यास सोकावलेल्या समाजाने हौशी खेळाडूकडून एवढे जरी उचलले, तरी त्याने पटावर घालविलेला वेळ वाया गेला, असे कोणी म्हणणार नाही.