इपॉक्सी आणि पश्चिम किनाऱ्याचे पंचांग

मुंबईच्या बंदरात हौसेखातर शिडाच्या नौका हाकणाऱ्यांचा मोसम साधारणतः ऑक्टोबरात उघडतो आणि मे सरता सरता मिटतो. पुढे नैर्ऋत्येचा वारा उसळू लागला की नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्यांच्यावर ताडपत्र्या चढतात, आणि वर्षभर लांबणीवर टाकलेली डागडुजी या सक्तीच्या विश्रांतीत उरकून घ्यावी असा विचार मालकाच्या मनात येतो. वरकरणी ही तजवीज निर्दोष वाटते. परंतु ज्या द्रव्यावर आजची बहुतेक डागडुजी विसंबून असते, त्या इपॉक्सीच्या प्रकृतीला हेच चार महिने सर्वांत प्रतिकूल असतात, आणि थंड मुलखातल्या पुस्तिका वाचून कामाला लागणाऱ्या हौशी माणसाची फसगत बहुधा येथेच होते.

या द्रव्याचा जन्म समुद्रापासून फार दूर झाला. पिएर कास्ताँ हा स्विस रसायनज्ञ दंतवैद्यकाला उपयोगी पडेल असा पदार्थ शोधीत असता १९३० नंतरच्या दशकात त्याच्यापाशी पोहोचला, आणि सिल्व्हन ग्रीनली या अमेरिकन संशोधकाने रंगरोगणाच्या वाटेने जाऊन जवळपास तेच साधले. बाझेलच्या सीबा कंपनीने कास्ताँचे हक्क घेऊन १९४६ साली ‘अराल्डाइट’ लोकांपुढे मांडले, जे कालांतराने आपल्याकडेही घरोघर पोहोचले. नौकाबांधणीत मात्र त्याला खरी प्रतिष्ठा मिळाली ती मिशिगनमधील बे सिटी येथील गूझन बंधूंमुळे. बर्फावरून धावणाऱ्या शिडाच्या होड्या बांधण्यात मुरलेल्या या भावांनी १९७० मध्ये ‘अदाजिओ’ ही ३५ फुटी त्रिदेही नौका पाण्यात सोडली. तिचे लाकूड इपॉक्सीने सांधलेले आणि इपॉक्सीनेच सर्व बाजूंनी बंदिस्त केलेले होते. त्याच परंपरेतील ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका गोव्यात दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात, सीडरच्या पट्ट्यांवर काचकापड आणि इपॉक्सी चढवून तयार झाली, आणि तिच्यातूनच दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ती कोठेही न थांबता पुरी केली. आपल्या हवेत इपॉक्सीचे काम उत्तम होऊ शकते, याला याहून मोठा जामीन शोधण्याचे कारण नाही.

फायबरच्या कामात मुरलेल्या कारागिराला प्रथम एक जुनी सवय सोडावी लागते. पॉलिएस्टर रेझिनात घालावयाचा द्रव हा उत्प्रेरक असतो. तो शेकडा एक-दोन या प्रमाणात पडतो आणि हवामान पाहून थोडा कमीअधिक केला तरी चालतो. इपॉक्सीचा हार्डनर हा रेझिनाशी संयोग पावणारा बरोबरीचा भागीदार आहे. लवकर घट्ट व्हावे म्हणून तो ‘जरा जास्त’ ओतणारा माणूस कामाला घाई आणीत नाही, तर त्याचा शिल्लक भाग कायमचा चिकट व दुबळा ठेवतो. गूझनांच्या प्रसिद्ध मिश्रणात हे प्रमाण घनफळाने ५ भागांस १ भाग असे आहे. इतर उत्पादकांचे ३ किंवा २ भागांस १ असेही असते, आणि वजनाचे प्रमाण घनफळाच्या प्रमाणाहून किंचित निराळे असल्याने डब्यावरचा तपशील वाचल्याखेरीज तराजूला हात लावू नये.

माझ्या मते खरी निवड रेझिनाची नसून हार्डनरची आहे. तापमान १० अंशांनी चढले की मिश्रण हाताळण्याची मुदत सुमारे निम्मी होते. त्यामुळे युरोपातील वसंत ऋतूसाठी योजलेला जलद हार्डनर कोकणातल्या दुपारी वाटीतच तापतो, धुरावतो आणि ब्रश घेऊन गोठून बसतो. येथे संथ किंवा उष्ण प्रदेशासाठी मुद्दाम केलेला हार्डनर घ्यावा, थोडथोडे कालवावे, आणि कालवलेले लगेच पसरट थाळीत ओतावे. उन्हाचा प्रश्न उकलला तरी दमटपणाचा उरतोच. हार्डनरमधील अमाइन हवेतील बाष्प व कार्बन डायऑक्साइड यांच्याशी मिळून पृष्ठभागावर मेणचट थर आणतात, ज्यावर पुढचा थर धरत नाही. तो पाण्यात विरघळतो, म्हणून साध्या पाण्याने घासून धुवावा आणि पुसून कोरडा झाल्यावरच पॉलिश-पेपर चालवावा. आधी पेपर चालविल्यास मेण निघत नाही, उलट चरांत भरले जाते.

लाकडाच्या बाबतीत घटकाही पाहावी लागते. तापत जाणारे लाकूड आपल्या छिद्रांतील हवा बाहेर टाकते आणि ओल्या थरात बुडबुडे उठवते. निवत जाणारे लाकूड उलट रेझिन आत ओढून घेते. म्हणून दुपार कलल्यावर काम सुरू करावे, पण दव पडण्याच्या आत पहिला थर धरलेला असावा. श्रावणात ही दोन टोके जुळत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत सहज जुळतात. चार दिवस नौकाविहार बुडाला तरी चालेल, पण मोठे काम त्याच दिवसांत धरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तळावर फोड आलेल्या फायबर नौकेला तर दुसरा मार्गच नाही, कारण पाणी मुरलेला जेलकोट काढून, फोडांतील आंबूस वासाचा द्रव गोड्या पाण्याने वारंवार धुऊन, तळ कित्येक आठवडे सुकविल्याशिवाय त्यावर इपॉक्सीचे संरक्षक थर देणे म्हणजे पाणी आत कोंडून बाहेरून कुलूप लावणे होय.

भोक पडलेल्या तळाला ठिगळ लावताना कडा उभी ठेवू नये. ती उतरती तासावी, आणि हा उतार जाडीच्या बारा पट असावा, म्हणजे ६ मिलिमीटरच्या तळाला भोवताली ७२ मिलिमीटर. इपॉक्सीत मिसळायच्या भरावाचा मामला थोडक्यात सांगता येईल: सांध्याला बळ हवे तेथे सिलिकाची पूड, केवळ खाच बुजवून घासावयाची असेल तेथे पोकळ सूक्ष्म गोलकांची. हातमोजे मात्र सर्वत्र घालावेत, कारण त्वचेला एकदा या द्रव्याचे वावडे जडले की ते सहसा सुटत नाही; आणि बाहेरच्या प्रत्येक कामावर रंग किंवा वार्निश चढवावे, कारण सूर्यप्रकाश उघड्या इपॉक्सीला खडूसारखे भुरभुरीत करतो.

एका जातीच्या नौकेला मात्र हे सारे गैरलागू आहे. फळीला फळी भिडवून, सांध्यांत कापूस ठोकून आणि वर राळ भरून बांधलेला जुना सागवानी तळ पाण्यात फुगतो व किनाऱ्यावर आक्रसतो, आणि या हालचालीवरच त्याची जलाभेद्यता अवलंबून असते. त्याचे सांधे कडक इपॉक्सीने भरले, तर पुढच्या मोसमात फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाही. मग एकतर फळीची कड चिरडते किंवा आतली फासळी खिळ्यापाशी फुटते. अशा नौकेसाठी कापूस, राळ आणि ते ठोकण्याचा हात असलेला सुतार शोधावा. इपॉक्सीचा डबा तिच्यापाशी उघडूच नये.