माळ्यावरचं मखर, अंगणातला किल्ला

मैत्रिणींनो, दिवाळीच्या साफसफाईत माळा आवरायला काढला, की काय काय निघतं नाही? रंग उडालेला आकाशकंदील, गणपतीच्या मखराचे खांब, मागच्या पडद्याचं निळं सॅटिन, सोनेरी लेस, अर्धे दिवे गेलेल्या माळा... टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही! शेवटी सगळं गोणीत भरून आपण कचऱ्याच्या गाडीची वाट बघतो. यंदा गाडी यायच्या आत ती गोणी मुलांपुढे ओता. अंगणात त्यांचा किल्ला व्हायचा असतो ना, त्याचं निम्मं सामान तिच्यातच असतं.

आमच्या बचत गटातल्या बऱ्याच जणी चार घरची धुणीभांडी करतात. बाजारात तयार किल्ले यायला लागले, तशी त्यांची पोरं मागे लागली, ‘आई, आपल्यालापण तसलाच घे.’ एकीनं बैठकीत विचारलं, ‘ताई, गटाचा हप्ता भरू का किल्ला घेऊ?’ काय उत्तर द्यावं, मला सुचेना. तेवढ्यात दुसरी म्हणाली, ‘अगं, माझ्या बाईंनी मखर दिलंय टाकायला. त्याचा नाही व्हायचा किल्ला?’ झाला की! तेव्हापासून दसरा झाला, की या बायका घरोघरचं असं सामान गोळा करून आणतात आणि वस्तीतली पोरं त्यातून गड बांधतात.

करायचं काय, तर विटा आणि फुटक्या कुंड्या रचून डोंगर उभा करायचा. गोणपाट किंवा मखराचा जाडसर पडदा पातळ चिखलात बुडवून त्यावर पांघरायचा. चुण्या पडतात त्याच दऱ्या आणि कडे! वरून माती लिंपली, की चार-पाच दिवस आधी मोहरी, अळीव पेरायचे, म्हणजे दिवाळीला डोंगर हिरवा होतो. आकाशकंदिलाच्या कामट्या झेंड्याच्या काठीला आणि कुंपणाला चालतात. कंदिलाच्या शेपट्यांतल्या भगव्या पट्ट्यांचे झेंडे होतात. मखराच्या पुठ्ठ्याच्या खांबांना गेरू फासला, की झाले बुरूज. फ्लॅटमध्ये माती नाही म्हणून हिरमुसू नका. गच्चीवर निळं सॅटिन अंथरा, मधोमध सिंधुदुर्ग उभारा. समुद्र आयताच मिळाला!

कारंजं हवंच असतं पोरांना. त्यासाठी मखरातला विजेचा पंप नको. उंचावर पाण्याचा डबा, त्यातून फिशटँकला लावतात तसली नळी आणि टोकाला रिकाम्या रिफिलचा तुकडा, एवढ्यावर छान कारंजं उडतं. पूर्वी मुलं सलाईनच्या नळ्या आणायची. दवाखान्यातली वापरलेली नळी अजिबात घरात घेऊ नका.

थर्माकोलचं मात्र जपून. २०१८ साली आपल्या राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तरी त्याआधीची कितीतरी मखरं अजून माळ्यांवर आहेत. नवं आणायचं नाही, पण आहे ते डोंगराच्या पोटात घालता येतं. ऑइलपेंट लावलात, तर थर्माकोल विरघळतो. म्हणून गेरू नाहीतर पोस्टर कलर वापरायचा. त्याच्याजवळ पणती ठेवायची नाही आणि तो जाळायचा तर कधीच नाही. फार वाईट धूर होतो त्याचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दिव्यांच्या माळा. एका दिवाळीत वस्तीतल्या एका मुलानं जुनी माळ ओल्या किल्ल्याभोवती गुंडाळली. वायरचं वेष्टण एका जागी सोललेलं होतं. त्याला शॉक बसला. शेजारच्या काकूंनी धावत जाऊन बटण बंद केलं, म्हणून पोरगं वाचलं. आपल्याला वाटतं, एवढासा दिवा, काय होणार त्यानं? पण या माळेत दिवे एकापुढे एक जोडलेले असतात. एकेका दिव्याच्या वाट्याला थोडेच व्होल्ट येत असले, तरी वायरमध्ये वीज येते ती घरातलीच, २३० व्होल्टची. ती ओल्या मातीतून अंगात यायला कितीसा वेळ? माळ कापून लहान करणं तर त्याहून वाईट. उरलेल्या दिव्यांवर भार वाढतो, ते तापतात आणि जळतात.

तेव्हापासून आमच्याकडे नियमच आहे. थेट प्लगला लागणारी माळ किल्ल्यावर चढत नाही. सेलवर चालणारी चालेल. किंवा ५ नाहीतर १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरची चालेल, पण ॲडॉप्टर घरात, कोरड्या जागी हवा. बाकी माळा ई-कचऱ्यात द्यायच्या. त्यांचे दिवे गेले, तरी सोनेरी लेस आणि आरशाचे तुकडे आहेतच. दोन पणत्या लांब ठेवल्या, की आरसे कसे लखलखतात बघा!

आणखी एक सांगते. मुलींना रांगोळीकडे आणि मुलांना किल्ल्याकडे अशी वाटणी करू नका. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले ११ आपल्या महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. मागच्या दिवाळीत पोरांनी त्यातला रायगड करायला घेतला, तेव्हा मुली नुसत्या माती कालवून देत होत्या. मी त्यांना हिरकणीची गोष्ट सांगितली. तान्ह्या बाळाच्या ओढीनं रात्री कडा उतरून गेलेली ती गवळण! मग काय, हिरकणी बुरुजावर हक्क मुलींचा झाला. मखराच्या लेसची पदराएवढी चिंधी नेसवून त्यांनी मातीची हिरकणी कड्यावर अशी बसवली, की बघणाऱ्याचा जीव वरखाली व्हावा.

तुळशीचं लग्न झालं, की किल्ला सुतळी बॉम्ब लावून उडवायची काही ठिकाणी पद्धत आहे. आत थर्माकोल, आरसे, कामट्या असताना ते नकोच. हातानं उकला. माती कुंड्यांत जाते, उरलेलं सामान पुसून खोक्यात. खोक्यावर ‘किल्ला’ असं मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे पुढच्या साफसफाईत घरातलं कुणी ते चुकून गाडीत टाकणार नाही.

मागच्या वर्षी एका बाईंची मुलं वस्तीतला रायगड बघायला आली होती. त्यातला धाकटा ओरडला, ‘अरे, हा खांब तर आमच्या गणपतीचा!’ आमची एक नऊ वर्षांची पोरगी चिखलानं भरलेले हात कमरेवर ठेवून म्हणाली, ‘होता. आता तो महादरवाजा आहे. यायचं असेल तर चपला काढून ये, आणि माती आण येताना.’

तो गेला की आणायला!