एका बोल्टाची किंमत

बॉबस्ले हा हिवाळी खेळ आपल्या उष्ण देशात फारसा परिचयाचा नाही. बर्फाच्या नागमोडी घळीतून पोलादी पट्ट्यांवर धावणारी ही घसरगाडी दोन किंवा चार खेळाडूंना घेऊन ताशी सव्वाशे किलोमीटरहून अधिक वेग गाठते. स्केलेटन या तिच्या भावंडात तर खेळाडू सपाट गाडीवर पालथा पडून, डोके पुढे करून, एकटाच घसरत जातो. जय-पराजयाचा निकाल सेकंदाच्या शतांशात लागतो. साहजिकच प्रश्न पडतो की, येथे जिंकतो कोण? माणूस की त्याचे यंत्र?

या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या बाजूने लागावे, म्हणून नियमांची तटबंदी उभी राहिली. १९५२ साली ऑस्लो येथे जर्मनीच्या धिप्पाड खेळाडूंनी दोन्ही सुवर्णपदके जिंकली, तेव्हा भारी शरीराचा लाभ सर्वांच्या ध्यानी आला व गाडी आणि खेळाडू यांच्या एकत्रित वजनावर मर्यादा घालण्यात आली. तापविलेल्या पट्ट्या बर्फावरून सहज सरकतात, म्हणून शर्यतीपूर्वी त्यांचे तापमान मोजले जाते. २०२२ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची एकेरी बॉबस्ले सुरू झाली, तीत सर्वांना एकाच बनावटीच्या गाड्या वापराव्या लागल्या. ज्या देशापाशी पैसा आणि कारखाने अधिक, त्याचे पारडे आपोआप जड होऊ नये, हाच या साऱ्यामागील हेतू.

नियम आवश्यक खरेच. परंतु नियम अन्याय रोखतो. औदार्य निर्माण करीत नाही. १९६४ साली इन्सब्रुक येथे दुहेरी शर्यतीच्या पहिल्या फेरीनंतर ब्रिटनच्या टोनी नॅश आणि रॉबिन डिक्सन यांच्या गाडीच्या आसाचा बोल्ट तुटला. जवळ दुसरा नव्हता. इटलीचा युजेनिओ मोंटी हा त्यांचा प्रबळ प्रतिस्पर्धी. जगज्जेतेपद त्याने अनेकदा मिळविले होते. ऑलिंपिकचे सुवर्ण मात्र १९५६ साली त्याच्या हातून निसटले होते. तरीही त्याने स्वतःच्या गाडीचा बोल्ट काढून त्यांना दिला. ब्रिटनने सुवर्णपदक जिंकले, मोंटीच्या वाट्याला कांस्य आले. असे करण्याची त्याच्यावर कोणत्याही नियमाची सक्ती नव्हती. या खिलाडूपणाबद्दल त्याला पिअर द कुबेर्तँ यांच्या नावाचे पदक देण्यात आले.

पुढे १९६८ साली, चाळिशीत, मोंटीने दोन सुवर्णपदके पटकावली. दुहेरीत पश्चिम जर्मनीच्या जोडीशी त्याची एकूण वेळ तंतोतंत जुळली. सर्वांत वेगवान फेरी त्याची, म्हणून निकाल त्याच्या बाजूने लागला. हे यश त्याला मिळाले नसते, तरी त्या बोल्टाचे मोल उणावले नसते. प्रतिस्पर्धी पुरता सज्ज असताना मिळविलेला विजयच खरा, हे ज्याला उमगले, त्याला तिसरा क्रमांकही हिणवू शकत नाही. स्पर्धेच्या आजच्या युगात हे भान नियमपुस्तिकेतून येणार नाही; ते माणसालाच जपावे लागेल.