खंडेनवमीच्या पूजेतील घड्याळ

आश्विन शुद्ध नवमी ही खंडेनवमी. दसऱ्याला साताऱ्याच्या जलमंदिरात होणारे भवानी तलवारीचे पूजन सर्वश्रुत आहे. परंतु ज्यांच्या घरी तलवार नाही त्या सर्वांची शस्त्रपूजा म्हणजे खंडेनवमी. नांगर, विळा, करवत, शिवणयंत्र यांना या दिवशी विश्रांती मिळते, हळदकुंकू मिळते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कित्येक घरांत या पाटावर एक घड्याळही मांडले जाते. ते बहुधा एच.एम.टी.चे, किल्लीचे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 साली बंगळूरला निघू लागलेली ही घड्याळे शाळामास्तरांच्या, एस.टी.च्या वाहकांच्या, साखर कारखान्यातील कारकुनांच्या मनगटांवर दोन पिढ्या नांदली. ज्याचा दिवस तासांवर चालतो त्याचे हत्यार घड्याळच नव्हे काय? 2016 साली केंद्र सरकारने तो उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. आता पाटावर दिसतात ती बहुधा वडिलार्जित.

पूजेपूर्वी हत्यार उजळावे, हा प्रघात. घड्याळाच्या बाबतीत तो अंगलट येऊ शकतो. आमच्या वडिलांचे घड्याळ आम्ही प्रथम उजळावयास घेतले ते समईच्या शेजारी बसून, आणि समई ज्याने घासली त्याच रांगोळीने! चार घटकांत काच अशी धुरकट झाली की काटेच दिसेनात. शिरगोळ्याच्या पुडीतील कण जाड व कठीण असतात. पितळेवरचे त्यांचे ओरखडे डोळ्यांस जाणवत नाहीत, पारदर्शक वस्तूवरचे लपत नाहीत.

चूक रांगोळीची तितकीच शब्दाचीही. आपण 'काच' म्हणतो, परंतु या घड्याळांवर काच नसतेच. असते ते ॲक्रिलिक नावाचे पारदर्शक प्लॅस्टिक. कराडजवळच्या ओगलेवाडीत 1916 साली ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला आणि तेथील 'प्रभाकर' कंदील घरोघरी लागला. त्या कंदिलाची काच राखेने पुसणाऱ्या हातांना घड्याळाची काच वेगळी कशी वाटावी? भेद ओळखणे मात्र सोपे आहे. नखाने हलकेच टिचकी मारावी. ॲक्रिलिकचा आवाज बद्द येतो व स्पर्श कोमट लागतो. खरी काच खणखणते आणि गार लागते. खनिज काचेवर किंवा कृत्रिम नीलमण्याच्या काचेवर पुढील उपाय चालत नाहीत; ती घड्याळजीकडून बदलून घ्यावी हेच शहाणपण.

ॲक्रिलिक मऊ, म्हणून लवकर ओरखडते आणि म्हणूनच घरी उजळता येते. ओरखडा भरून काढावयाचा नसतो. त्याच्या भोवतीचा पृष्ठभाग त्याच्या तळापर्यंत अगदी पातळ झिजवावयाचा असतो. पृष्ठभाग समतल झाला की प्रकाश विखुरत नाही आणि रेघ दिसेनाशी होते. आधी ओल्या मऊ फडक्याने धूळ टिपून घ्यावी. कोरड्या फडक्याने पुसल्यास धुळीचे कणच नवे ओरखडे पाडतात. काचेभोवतीच्या धातूच्या कड्यावर चिकटपट्टी लावावी. मग जुन्या धोतराच्या धुवट तुकड्यावर तांदळाच्या दाण्याएवढे ब्रासो, नसल्यास साधे पांढरे दंतमंजन मलमाच्या रूपातले, घेऊन बोटाने हलक्या गोलाकार गतीने पाचसात मिनिटे चोळावे, पुसावे, पाहावे, पुन्हा चोळावे. विजेच्या यंत्राचा मोह नको. घर्षणाच्या उष्णतेने ॲक्रिलिक मऊ पडते. स्पिरिट तर मुळीच लावू नये, त्याने बारीक तडे जातात. नख अडकेल इतकी खोल रेघ असल्यास आधी दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर, थेंबभर पाण्यासह, लावावा लागतो. थेंबभरच, कारण जुन्या घड्याळाच्या फटींतून पाणी आत शिरते. रांगोळीची धुरकट आम्ही याच रीतीने तीन संध्याकाळींत उतरवली.

ऑगस्ट 2019 च्या कृष्णेच्या महापुरानंतर सांगलीत ज्यांची घड्याळे गाळातून निघाली, त्यांना हे लागू नाही. ज्यात पाणी गेले ते घड्याळ आतून स्वच्छ व्हावयास हवे, वरची चमक नंतरची. आणि अंधारात चमकावेत म्हणून रंगवलेले काटे असलेले फार जुने परदेशी घड्याळ घरी उघडूच नये. त्या रंगात पूर्वी रेडियम वापरीत असत.

चारच्या आकड्यावरची एक रेघ मात्र खोल होती. पेपर हाती घेतला तेव्हा आईने विचारले, "ती कशाला काढतोस?" वडील विहिरीवर पोहरा ओढीत असता रहाट निसटून ती पडली होती, त्या दिवशी ते थोडक्यात वाचले. तिला ती रेघ दिवसानिशी आठवत होती, आम्हांस ठाऊकही नव्हती. पेपर परत डब्यात गेला.

अष्टमीच्या सकाळी दिलेली किल्ली साधारण दीड दिवस पुरते. खंडेनवमीस हत्यार चालवावयाचे नसते, म्हणून पाटावर मांडल्यावर घड्याळास किल्ली दिली नाही. रात्री केव्हातरी ते थांबले. दसऱ्याला सोने वाटून परतल्यावर आईने ते स्वतः उचलले, पदराने कुंकू टिपले आणि किल्ली दिली.