‘स्मॉल’ म्हणजे लहानच काय?

इंग्रजी शिकूं लागलेलें मूल ‘माझा लहान भाऊ’ या शब्दांचें भाषांतर ‘माय स्मॉल ब्रदर’ असें करतें आणि घरांतील वडील मंडळी हंसूं लागतात. तेथें ‘यंगर’ किंवा लडिवाळपणें ‘लिट्ल’ हा शब्द हवा, हें खरें. पण दोष एकट्या मुलाचा नाहीं. ‘स्मॉल म्हणजे लहान’ एवढेंच त्यास आपण पढविलेलें असतें, आणि तेवढ्याच शिदोरीवर इंग्रजी वाचूं गेल्यास पदोपदीं ठेंच लागते.

या शब्दाच्या कुळाकडे पाहिलें म्हणजे बराच उलगडा होतो. जुन्या इंग्रजींत ‘अरुंद’, ‘सडपातळ’ असाही त्याचा अर्थ होता. त्याचें जर्मन भावंड ‘श्माल’ आजही ‘अरुंद’ याच अर्थानें नांदत आहे. तेव्हां ‘लहान’ यापेक्षां आपला ‘बारीक’ हा शब्द त्यास पुष्कळदां अधिक जवळचा. पाठ कमरेपाशीं जेथें निमुळती होते, त्या भागास इंग्रजींत ‘स्मॉल ऑफ द बॅक’ म्हणतात. ‘स्मॉल इंटेस्टाइन’चें आपण ‘लहान आंतडें’ असें भाषांतर केलें; पण हें आंतडें सुमारें २० फूट लांब, तर ‘मोठें’ म्हणविणारें अवघें ५ फूट! येथें माप लांबीचें नसून जाडीचें आहे. ‘स्मॉल व्हॉइस’ म्हणजेही बारीक आवाज. १६११ सालच्या इंग्रजी बायबलामुळें रूढ झालेला ‘स्टिल स्मॉल व्हॉइस’ हा प्रयोग महात्मा गांधी आपल्या अंतर्नादासाठीं योजीत; तो आवाज बारीक खरा, पण त्याची आज्ञा लहान नव्हे.

कांहीं ठिकाणीं मात्र ‘बारीक’ही उपयोगीं पडत नाहीं. ‘स्मॉल अवर्स’ म्हणजे मध्यरात्र उलटल्यानंतरचे तास. घड्याळांत तेव्हां एक, दोन, तीन असे लहान आंकडे असतात. परंतु आजाऱ्याच्या उशाशीं जागणारास ते तास किती लांब वाटतात, हें त्यासच ठाऊक. ‘स्मॉल चेंज’ म्हणजे मोड. ‘स्मॉल टॉक’ म्हणजे नव्या ओळखीच्या माणसाशीं केलेल्या हवापाण्याच्या गोष्टी. ‘स्मॉल वंडर’ म्हणजे लहानसें आश्चर्य नव्हे, तर ‘यांत नवल तें काय?’ आणि ‘टु फील स्मॉल’ म्हणजे ओशाळें होणें. वडिलांच्या हंसण्यानें वरील मुलाचें जें होतें, तें हेंच.

सर्वांत सावधपणें ओळखावा असा प्रयोग ‘स्मॉल प्रिंट’ हा होय. विम्याच्या किंवा कर्जाच्या कागदावर लाभ ठळक टाइपांत आणि अटी, अपवाद व दंड बारीक टाइपांत छापण्याची चाल आहे. त्यावरून कराराच्या सहज नजरेआड राहणाऱ्या अटींसच, त्यांचें अक्षर केवढेंही असो, ‘स्मॉल प्रिंट’ म्हणूं लागले. घरांतील कर्त्या माणसानें सही केली, कीं त्या सर्व अटी मान्य केल्यासारखें होतें. पुढें ऐन अडचणींत विम्याची रक्कम नाकारली गेली, म्हणजे ‘अक्षर फार लहान होतें’ ही सबब सहसा चालत नाहीं.

म्हणून मुलांना हा शब्द शिकवितांना ‘लहान’च्या शेजारीं ‘बारीक’ हाही शब्द अवश्य ठेवावा. ‘बारीक’पासूनच ‘बारकाई’ झाली आहे. आणि जें ‘स्मॉल’ छापलेलें असेल, तें बारकाईनेंच वाचावयाचें असतें.