अश्लील चित्रफितींचे अवलंबित्व आणि पतिपत्नींमधील जवळीक

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांआधी एखाद्या आरोग्यविषयावर माहितीपर लेख देण्याची प्रथा आहे. मधुमेह, मोतीबिंदू, गुडघेदुखी, रक्तदान हे विषय आजवर होऊन गेले. यंदाचा विषय विश्वस्त मंडळापुढे ठेवताना आम्हांला संकोच वाटला, हे मान्य केले पाहिजे. अहवाल देणगीदारांच्या घरी जातो आणि घरातील सर्वांच्या हाती पडतो. तथापि मंडळातील एका ज्येष्ठ भगिनींनीच, “घरी जातो म्हणूनच लिहा,” असे सांगितले आणि प्रश्न मिटला.

आम्ही वैद्यक नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत. येथील वैद्यकीय मजकूर आपल्या मनोविकारतज्ज्ञांकडून व स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतला आहे. विषय मात्र आम्हांला सापडला तो बिलांच्या फायलीत.

वंध्यत्व विभागातील सवलतीचे अर्ज आमच्या मेजावरून जातात. अशाच एका अर्जासोबत पत्नीच्या तपासण्यांची बिले होती : रक्त, संप्रेरके, दोनदा सोनोग्राफी, पुन्हा रक्त. पतीची एकही तपासणी नव्हती. (ओळख पटेल असे सर्व तपशील येथे बदलले आहेत.) विवाहाला तीन वर्षे झालेली, प्रत्येक खेपेस सासूबाई सोबत येत. पुढे एका तरुण निवासी डॉक्टर भगिनीने सासूबाईंना बाहेर बसवून साधा प्रश्न विचारला, तेव्हा असे कळले की या दोघांत शरीरसंबंध जवळजवळ होतच नव्हते. पती रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर अश्लील चित्रफिती पाहत असे. एकांतात त्याला काहीही अडचण येत नसे. पत्नीच्या सहवासात मात्र ताठरता टिकत नसे. एकदोनदा फजिती झाल्यावर तो टाळू लागला. आपण पसंत नाही असे पत्नीने मनाशी ठरविले आणि तीही गप्प राहिली.

आम्ही मूळ केसपेपर काढून पाहिला. ‘वैवाहिक संबंध नियमित : होय / नाही’ या ओळीत ‘होय’पुढे खूण होती. ती खूण कोणी केली, याची चौकशी करता असे आढळले की नोंदणी खिडकीवरील कर्मचारी ती सर्वांच्याच कागदावर विचारल्याविना करीत असत. चारचौघांत असे विचारणार तरी कसे? दोष कर्मचाऱ्यांचा नव्हता. तो नमुना आमच्याच कार्यालयाने छापून घेतला होता. एका स्त्रीला सुया टोचल्या गेल्या आणि धर्मादाय निधीतून तिला सवलत दिली गेली, ती एका न विचारलेल्या प्रश्नापायी.

आता मूळ विषयाकडे वळू. चित्रफिती पाहणारा प्रत्येक मनुष्य रुग्ण असतो काय? नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत ‘अनिवार लैंगिक वर्तनविकार’ या नावाने एका विकाराची नोंद आहे, व चित्रफितींचे अनावर पाहणे हे त्याचे एक नेहमीचे रूप होय. आवेग आवरण्याची क्षमता दीर्घकाळ, साधारणतः सहा महिने किंवा अधिक, ढासळलेली असावी. काम, प्रकृती व नाती यांची हेळसांड होऊनही तेच वर्तन आयुष्याच्या मध्यभागी येऊन बसावे. सोडण्याचे प्रयत्न वारंवार फसावेत. आणि आनंद उरला नसतानाही पाहणे चालूच राहावे, अशी त्याची लक्षणे दिली आहेत. बोलीभाषेत याला आपण व्यसन म्हणतो. वर्गीकरणाने मात्र त्याला मद्य वा जुगार यांच्या रांगेत न बसविता आवेगनियंत्रणाच्या विकारांत ठेवले आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानग्रंथात असे निदान समाविष्ट करण्याचे नाकारले होते. म्हणून या लेखात आम्ही ‘अवलंबित्व’ हा मवाळ शब्द वापरीत आहोत.

त्याच वर्गीकरणातील एक वाक्य आमच्या डॉक्टरांनी आम्हांला मुद्दाम दाखविले. केवळ ‘आपण पाप करतो आहोत’ या भावनेने होणारा मनस्ताप निदानास पुरेसा नाही, असा त्याचा आशय आहे. आपल्याकडे याचे महत्त्व फार. महिन्यातून एखाद्या वेळी काही पाहून आठवडाभर स्वतःला दूषणे देणारे तरुण येतात. वीर्यनाशाने शक्ती जाते या समजुतीपोटी त्यांना थकवा व पाठदुखीही जाणवत असते. या तक्रारीला भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. वीर्यस्खलनाने शरीर दुर्बल होत नाही. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर याच्या उलट मजकूर रंगविणाऱ्यांनी या भीतीवर आपली दुकाने थाटली, एवढेच येथे नोंदवितो.

ज्यांचे अवलंबित्व खरे आहे, त्यांच्या जवळिकीवर परिणाम कसा होतो? आम्हांला समजावून सांगितले गेले ते असे. मेंदूतील डोपामाइन या द्रव्याचा संबंध तृप्तीपेक्षा ओढीशी अधिक असतो, आणि नावीन्याने ओढ जागी होते. पूर्वी एखादे मासिक लपवून आणावे लागे. त्याची पाने संपत. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट आपल्या देशात एकदम स्वस्त झाले आणि दर काही क्षणांनी नवे दृश्य, नवा चेहरा, तोही अंगठ्याच्या एका हालचालीने, गावोगाव उपलब्ध झाला. एकच व्यक्ती, तीच खोली, दिवसभराच्या कामाने दमलेली दोन शरीरे, या वास्तवाशी त्या वेगाची तुलना होऊच शकत नाही.

दुसरी गोष्ट शरीराच्या सवयीची. हस्तमैथुन ही स्वाभाविक क्रिया आहे, त्यात अपाय नाही. परंतु ती वर्षानुवर्षे एकाच गतीने, एकाच घट्ट पकडीने आणि डोळ्यांपुढे पडदा ठेवूनच केली गेली, तर शरीर तेवढीच वाट शिकते. पत्नीच्या स्पर्शाची गती निराळी, दाब निराळा. मग ताठरता कमी पडते, किंवा ताठरता असूनही वीर्यस्खलन होत नाही.

तिसरी गोष्ट भीतीची, आणि आमच्या समजुतीप्रमाणे सर्वांत जड हीच. मास्टर्स व जॉन्सन या अमेरिकी संशोधकद्वयाने १९७० च्या आपल्या ग्रंथात दाखविले की एकदा अपयश आलेला पुरुष पुढच्या वेळी संबंधात सहभागी होण्याऐवजी स्वतःचा प्रेक्षक बनतो : जमते आहे की नाही, हेच तपासत राहतो. तपासणारे मन उत्तेजित होत नाही. चित्रफितीतील पुरुष कधीच थकत नाही, कधीच अडखळत नाही; ते संकलित केलेले चित्रीकरण आहे, हे ठाऊक असूनही मन त्याच्याशी बरोबरी करू पाहते. आणि मोबाइल कधी वाट पाहत नसतो, विचारत नसतो, निराश होत नसतो. अपयशाची भीती बसलेल्या मनुष्यास तोच निर्धोक वाटतो.

मात्र संशोधकांत याविषयी एकमत नाही. किती वेळ पाहिले यावरून ताठरतेची अडचण ठरत नाही, असे सांगणारे अभ्यास आहेत. आपले पाहणे आपल्या ताब्यात नाही असे ज्यांना वाटते, त्यांच्यात मात्र ती अधिक आढळते. काही जोडपी परस्परसंमतीने एकत्र पाहतात आणि त्यांचे काही बिघडत नाही. शिवाय ताठरतेच्या तक्रारीमागे मधुमेह, उच्च रक्तदाब, नैराश्य, मद्य, तंबाखू किंवा चालू असलेले एखादे औषध असू शकते. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून अरुंद असल्याने हृदयविकाराची पहिली सूचना कधी कधी येथेच मिळते. सकाळी जागे होताना व एकांतात ताठरता नीट येत असेल, तर कारण बहुधा मनात वा सवयीत असते. पण रक्तातील साखर आणि रक्तदाब आधी पाहावाच लागतो. औषधांच्या दुकानातून गोळ्या परस्पर आणून घेऊ नयेत. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्यास त्या प्राणघातक ठरू शकतात.

पत्नीच्या बाजूने हे सारे निराळे दिसते. समुपदेशक भगिनी सांगतात की बहुतेक स्त्रियांना चित्रफितींहून अधिक बोचते ते लपविणे : पालथा घातलेला फोन, बदललेला पासवर्ड, न्हाणीघरात लागणारा वेळ. त्या स्वतःच्या शरीराची तुलना पडद्यावरील शरीरांशी करू लागतात. काहींकडून तशाच कृतींची मागणी होते. ती नाकारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, हे त्यांना बहुधा येथे येऊनच प्रथम ऐकायला मिळते. अवलंबित्व स्त्रियांतही असते, परंतु त्या आपल्या दारापर्यंत अद्याप क्वचितच पोहोचतात.

उपचार बहुतांशी बोलण्याचे आहेत. फोनकडे हात केव्हा जातो याची नोंद रुग्ण स्वतः ठेवतो. पुष्कळदा भांडण, एकटेपणा, निद्रानाश किंवा कामावरचा अपमान त्याआधी सापडतो. फोन शयनगृहाबाहेर ठेवण्याचा साधा नियम अनेकांना उपयोगी पडतो. नैराश्य वा चिंता असेल तर औषधे दिली जातात. पतिपत्नींना मास्टर्स-जॉन्सन यांच्याच पद्धतीतील स्पर्शाचे पाठ दिले जातात : आरंभीचे काही आठवडे संबंध पूर्ण वर्ज्य, केवळ परस्परांना स्पर्श. परीक्षाच रद्द झाल्याने भीती ओसरते. पुन्हा पाहिले गेले तर उपचार फसला असे मानीत नाहीत. एक अपवाद कायद्याचा : मुलांचे लैंगिक चित्रण असलेली सामग्री पाहणे व बाळगणे हा गुन्हा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे.

कामजीवनाविषयी उघड बोलणे महाराष्ट्रास नवे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ पर्यंत चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिल्यावरून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. इतक्या वर्षांनी आमच्या खिडकीवर न विचारता ‘होय’ लिहिले जात होते, हे वाचकांपासून लपवून ठेवणे योग्य वाटले नाही.

अहवालवर्षात आम्ही केलेले बदल थोडे आहेत. ती ओळ नोंदणीच्या नमुन्यातून काढली असून तो प्रश्न आता डॉक्टर बंद खोलीत, पती व पत्नी यांना स्वतंत्रपणे विचारतात. पतीची प्राथमिक तपासणी झाल्याखेरीज पत्नीच्या पुढील तपासण्यांना सवलत मंजूर होत नाही. या नियमावर दोन नातेवाइकांनी आमच्याशी कडाक्याचे भांडण केले. नियम कायम आहे. विभागाच्या दारावर प्रथम ‘लैंगिक समस्या केंद्र’ अशी पाटी लावली होती, तेव्हा त्या दाराकडे कोणी फिरकले नाही. आता ‘कुटुंब सल्ला’ अशी पाटी आहे. समुपदेशनासाठी बिलात स्वतंत्र सदरच नव्हते, तेही उघडले.

आरंभी उल्लेखिलेले जोडपे सहा महिने येत होते. मध्यंतरी पतीने येणे थांबविले, पत्नी एकटी आली, मग दोघे आले. सासूबाई आता सोबत नसतात. अपत्याविषयी त्यांनी अद्याप काही ठरविलेले नाही, आणि आम्हीही विचारलेले नाही.

कुटुंब सल्ला विभाग मंगळवार व शुक्रवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत, दुसऱ्या मजल्यावर, दंतविभागाच्या मागील बाजूस चालतो. जिना वेगळा आहे. केसपेपरवर ‘सल्ला’ एवढेच लिहिले जाते. एकट्याने आले तरी चालते. ज्यांना येणे शक्य नाही त्यांच्यासाठी केंद्र शासनाची १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही दूरध्वनीसेवा आहे, क्रमांक १४४१६. तेथे मराठीत बोलता येते.