रेडिओग्रामचं पोट फाडू नका

उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीसारख्या बाजाराच्या गावात एखाद्या जुन्या घराच्या बैठकीत रेडिओग्राम अजून सापडतो. रेडिओ, रेकॉर्ड चेंजर आणि स्पीकर, सगळं एकाच लाकडी पेटीत. त्यावर मोबाइलमधली गाणी ऐकायची हौस हल्ली परत आली आहे. सल्लेही भरपूर मिळतात. त्यातले बरेच चुकीचे, आणि एखादा जीवघेणा.

“आतलं सगळं भंगारात द्या, ब्लूटूथचा बोर्ड बसवा,” हा सल्ला सगळ्यात आधी येतो. पण मग उरते ती नुसती पेटी. मुळात गरजच नाही. बहुतेक सेटच्या मागे पिकअपचं सॉकेट असतं. क्रिस्टल पिकअपमधून साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास सिग्नल निघतो, आणि ब्लूटूथ रिसीव्हरही जवळपास तेवढाच देतो. त्यामुळे रिसीव्हर तिथे जोडायचा आणि बटण ग्रामोफोनवर फिरवायचं. सेट मोनो असेल तर डाव्या-उजव्या तारा नुसत्या पिळून एकत्र करू नयेत. दोन्हींमध्ये हजारेक ओहमचा एकेक रेझिस्टर घालून मग जोडाव्यात. चेंजर जागेवरच राहतो, रेकॉर्डही वाजतात.

“ऑडिओची तर वायर, तिला कसला शॉक?” हा समज मात्र जिवावर बेतू शकतो. मोठ्या रेडिओग्राममध्ये सहसा मेन्स ट्रान्सफॉर्मर असतो. पण एसी-डीसी म्हणून विकले गेलेले, विशेषतः लहान सेट ट्रान्सफॉर्मरविना चालत. त्यांचं लोखंडी चेसिस थेट लायनीला जोडलेलं असतं. प्लग उलटा लागला की चेसिसवर २३० व्होल्ट, म्हणजे तिथून आलेल्या वायरवर आणि तिला जोडलेल्या मोबाइलवरही. ओळखायचं कसं? व्हॉल्व्हचे नंबर वाचा. यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ असे ‘यू’पासून सुरू होणारे नंबर दिसले, की हात आवरा. ब्लूटूथ रिसीव्हरमुळे मोबाइल सुटतो, पण रिसीव्हर आणि त्याचा चार्जर चेसिसलाच बांधलेले राहतात. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय वापरूच नये.

“वीस वर्षं बंद आहे, एकदा लावून तर बघू.” नका बघू. इतक्या वर्षांत इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकतात, कागदी कंडेन्सर गळायला लागतात. आउटपुट व्हॉल्व्हच्या अलीकडचा कंडेन्सर गळका असला, तर व्हॉल्व्ह लालबुंद तापतो आणि मागोमाग ट्रान्सफॉर्मर जळतो. जाणता मेकॅनिक आधी हे कंडेन्सर बदलतो, मग सिरीज बल्बवर सेट सुरू करतो. मागची व्होल्टेजची खूणही तो पाहतो, कारण जुन्या सेटवर ११०, १२७, २२० असे टप्पे असतात. शेतीपंपांच्या वेळी विजेचा दाब खाली-वर होत असेल, तर स्टॅबिलायझर लावलेला बरा.

“व्हॉल्व्ह आता मिळत नाहीत,” हे अर्धंच खरं. ईएल ८४ आणि ईसीसी ८३ आजही रशिया आणि स्लोव्हाकियात बनतात. ईसीएच ८१सारख्या रेडिओच्या व्हॉल्व्हसाठी मात्र जुना साठाच शोधावा लागतो.

गाडीतला एफएम ट्रान्समीटर लावून काम भागेल असंही कुणी सुचवतं. भारतात एफएम प्रसारण मद्रासला १९७७ साली सुरू झालं. त्याआधीच्या इथल्या बहुतेक सेटवर मीडियम आणि शॉर्ट वेव्हच आहेत, मग तो ट्रान्समीटर ऐकणार कोण?

ऑनलाइन गाणी ऐकून मोबाइलचा डेटा संपेल, ही धास्तीही अवाजवी आहे. ३२० केबीपीएसच्या, म्हणजे चांगल्या दर्जाच्या, गाण्यांना तासाला सुमारे १४४ एमबी लागतात. व्हिडिओ याहून कितीतरी जास्त खातो.

सॉकेटला रिसीव्हर जोडण्यापलीकडचं काम व्हॉल्व्हचे सेट हाताळलेल्या माणसाकडेच द्या. प्लग काढल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट काही काळ टिकून राहतात.